माझे चारशे बारावे मरण आणि आंब्रुआझची सोय

मी, खाली सही करणारी लेओकादी बूस्के, रंगमंचावरचे नाव मादमोझेल लेआ द मोंक्लार, वय वर्षे अडुसष्ट (जन्माच्या दाखल्यात एकाहत्तर आहे, तो दाखला माझ्या वडिलांनी प्यायल्यावर केला), राहणार तुलूझ, धंदा ऑपेरातील सोप्रानो गायिका, आता निवृत्त, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. आयुष्यभर ते तसे नव्हते असे सांगणारी माणसे या शहरात पुष्कळ भेटतील, पण आज आहे आणि डॉक्टरांनी तसा कागद दिला आहे. हृदय मात्र ठिकाणावर नाही. ते द्राक्षांच्या तोडणीपर्यंत टिकेल असा त्यांचा अंदाज आहे. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. कोणाची छाती असेल तर त्याने आणून पाहावा.

नोटरी काझाल म्हणाले, "बाई, स्वतःच्या हाताने लिहिलेल्या मृत्युपत्राला आपल्या कायद्यात साक्षीदार लागत नाहीत." मी म्हटले, "मी आजवर प्रेक्षकांशिवाय काही केलेलं नाही, काझालसाहेब. दोन तरी बोलवा." म्हणून शेवटी दोन सह्या आहेत.

हे लिहिण्याचे कारण एकच आहे. माझ्यामागे आंब्रुआझ लाकाझ यांचे काय होणार?

आंब्रुआझ माझे पती नाहीत. त्यांची बायको ओश गावी माहेरी राहात होती आणि ती आम्हा दोघांना वीस वर्षे पुरून उरली. ती गेली तोवर आम्हाला एकमेकांची इतकी सवय झाली होती की लग्न करायचे राहूनच गेले. त्यामुळे कायद्याच्या नजरेत ते माझ्या घरी उतरलेले एक वयस्कर पाहुणे आहेत. मी डोळे मिटताच घर माझा भाचा तेओफील याच्याकडे जाईल आणि पाहुणे नन्सच्या आश्रमात जातील. तेओफीलने हे मला प्रेमाने समजावून सांगितले आहे.

"आत्या, तिथे त्यांची छान सोय होईल. बागसुद्धा आहे."

"तू आत जाऊन बघून आलास?"

"बाग बाहेरून दिसते ना."

तेव्हा पुढील कलमे.

कलम १. देह. मला साध्या पेटीत ठेवावे. रंगमंचावरचा कोणताही पोशाख घालू नये. ते सगळे पाठीमागून उसवून मोठे केलेले आहेत आणि स्वर्गात पाठ दाखवायची वेळ आली तर पंचाईत होईल. चर्चमध्ये कोणीही गाऊ नये. विशेषतः टेनर, म्हणजे उंच आवाजाचे पुरुष गायक.

कलम २. रोखे. माझे सर्व रशियन रोखे मी भाचा तेओफील यास देत आहे. ते त्याच्याच वडिलांच्या सल्ल्याने घेतले होते. "झार कुठे पळून जातोय?" असे माझा भाऊ तेव्हा म्हणाला होता. कागद जाड आहे, औषधाच्या पुड्या बांधायला उत्तम. याशिवाय तेओफील यास माझा हिऱ्यांचा मुकुट मिळावा, ज्याकडे तो लहानपणापासून डोळे लावून बसला आहे. हिरे काचेचे आहेत. हे त्याला मुकुट दिल्यानंतर सांगावे.

कलम ३. सिदोनी वालाग, सोप्रानो, हिला माझ्या स्थावर-जंगम मिळकतीतले काहीही मिळू नये. अपवाद कलम ७.

कलम ४. सिदोनीला काहीही का मिळू नये, त्याची कारणे. नोटरी म्हणतात की कारणे लिहिण्याची गरज नाही. त्यांना नसेल.

आमच्या शहरातल्या थिएटरात त्या काळी नव्या गायिकेला तीन रात्री गाऊन दाखवावे लागे. तिसऱ्या रात्री प्रेक्षकच निकाल देत. टाळ्या जास्त पडल्या तर वर्षभराचा करार, शिट्ट्या जास्त पडल्या तर परतीची गाडी. पोलीस कमिशनर स्वतः उभा राहून निकाल सांगे, कारण त्याच्याशिवाय मारामाऱ्या आवरत नसत. आणि शिट्टी तोंडाने मारायची नाही, दाराची पोकळ किल्ली ओठाला लावून फुंकायची. कानात सुई गेल्यासारखे वाटते. १८८९ च्या शरदात आम्ही दोघी एकाच हंगामात उभ्या राहिलो, मी आतडी विकणाऱ्याची मुलगी आणि ती बेकरीवाल्याची. माझ्या तिसऱ्या रात्री दुसऱ्या मजल्यावरून एक किल्ली सारखी वाजत होती. ती सिदोनीच्या आईची होती, बेकरीच्या भट्टीखोलीची, वीतभर लांब. मी निवडली गेले, पण काठावर. सिदोनीही निवडली गेली. तिच्या वेळी माझ्या वडिलांनीही किल्ली नेली होती, पण ते अंक सुरू होण्याआधीच झोपले.

त्यानंतर बावीस वर्षे आम्ही एकाच थिएटरात, त्याच भूमिका, एका रात्री ती आणि एका रात्री मी. दोन बायकांचे युगुलगीत असले तर दोघी एकत्र, आणि त्या दिवशी ती मुद्दाम लसूण घातलेले मटण खाऊन यायची. मी राणी असताना माझ्या झग्याच्या शेपटावर तिने पाय ठेवला आणि मी अर्धा कंबरपट्टा मागे सोडून सिंहासनावर चढले. मी निरोपाचे सात प्रयोग केले, म्हणून तिने आठ केले. ती माझ्याहून चांगले गात होती असे म्हणणारे लोक आहेत. वरच्या पट्टीत ते खरे आहे. मधल्या पट्टीत ती कोंबडी होती.

कलम ५. मोलकरीण बेर्नार्द हिला माझी सर्व पितळी भांडी, लोकरीचे कपडे आणि बदकाच्या चरबीच्या सहा बरण्या द्याव्यात. ती डोंगरातली आहे, मनाने सोने आहे, पण बोलते ते दरीपलीकडच्या मेंढपाळाशी बोलल्यासारखे.

कलम ६. आंब्रुआझ लाकाझ, निवृत्त प्रॉम्प्टर, वय शहात्तर.

यांच्याबद्दल मला नीट लिहिले पाहिजे, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे. रंगमंचाच्या पुढच्या कडेला, पायदिव्यांच्या रांगेत, एक पेटी असते. आंब्रुआझ तिच्यात बावीस वर्षे बसले. गायकाची ओळ येण्याआधी एक मात्रा, त्या ओळीचे पहिले दोन शब्द कुजबुजायचे, एवढेच काम. दोन मात्रा आधी दिले तर गायक गोंधळतो आणि मात्राभर उशिरा दिले तर तो आधीच बुडालेला असतो. मला आवाज देताना देवाचा हात सैल सुटला, पण स्मरणशक्तीची पाळी आली तेव्हा तो जेवायला उठला असावा. मला एकाही ऑपेराचे शब्द कधी पाठ नव्हते. प्रेमप्रसंगात मी पायदिव्यांकडे बघत गाते, यावर वर्तमानपत्रांत फार सुंदर लिहून येई. मी आंब्रुआझच्या ओठांकडे बघत होते. हे मी आज प्रथमच लेखी देत आहे.

गेली तीन वर्षे विसरणे आंब्रुआझकडे आले आहे. चमचा हातात धरतात आणि पुढे काय करायचे ते सुचत नाही. मोठ्याने सांगितले तर दचकतात. हुकूम केला तर रडतात. पूर्ण वाक्य सांगितले तर चिडतात आणि म्हणतात, "मला ओळ येते हो, नुसती सुरुवात द्या." म्हणून मी समोर बसते आणि एक मात्रा आधी, हळू आवाजात, दोन शब्द देते. "सूप गार..." म्हटले की ते "...होण्याआधी" म्हणतात आणि पितात. "डावा बूट..." म्हटले की "...आधी" म्हणून पाय पुढे करतात. असा आमचा दिवस उजाडतो आणि असाच मावळतो. उठण्यापासून निजण्यापर्यंत साधारण दोनशे ओळी होतात. अशाने ते अजून स्वतःच्या हाताने जेवतात, दाढी करतात, मला शुभ रात्री म्हणतात.

हे बेर्नार्दला जमत नाही, ती ओरडते. नन्सना जमणार नाही, त्या चांगल्या बायका आहेत, पण त्या मागून हात घालून भरवतील आणि आंब्रुआझ महिन्याभरात बोलायचेच थांबतील. मला त्याची भीती वाटते. मरणाची वाटत नाही, या एकाच गोष्टीची वाटते.

मार्चमध्ये मला पहिला झटका आला, तेव्हा सिदोनी साखरेत घोळवलेल्या व्हायोलेट फुलांचा डबा घेऊन आली. खरे तर खात्री करून घ्यायला आली होती.

"अगं, अजून आहेस?" दारातूनच.

"तुझीच वाट बघत होते. म्हटलं, थोडी गर्दी जमू दे."

"रंग बरा दिसतोय की."

"पावडर आहे."

"ते दिसतंय," असे म्हणून तिने माझ्यासाठी आणलेला डबा स्वतःच उघडला.

तेवढ्यात आंब्रुआझ आत आले. कोटाची एक बाही हातात घातलेली, दुसरी लोंबती. ते दारातच थांबले. पुढची ओळ गेली होती. मला दिसत होते, पण छातीत इतका दम नव्हता की दोन शब्द बाहेर पडावेत. स्वयंपाकघरातून बेर्नार्द ओरडली, "घाला की हो तो हात!" आणि ते थरथरायला लागले.

सिदोनीने मानही वळवली नाही. तोंडात फूल चघळत, अगदी हळू, बरोबर एक मात्रा आधी, ती म्हणाली, "दुसरा हात..."

"...बाहीत," आंब्रुआझ म्हणाले आणि त्यांनी हात बाहीत घातला.

"आणि मग खुर्चीत..."

"...बसतो." ते बसले. तिच्याकडे बघून छान हसले. मला श्वास आला तेव्हा मी विचारले, "तुला कसं गं जमलं?"

"कसं म्हणजे? बावीस वर्षं मीही त्याच्याकडूनच घेतलंय. तुला काय वाटलं, त्याच्या तोंडाकडे बघणारी तू एकटीच होतीस?"

ती त्या दिवशी चार तास बसली. आंब्रुआझनी तिच्यासोबत दोन अंक म्हटले आणि एक नाशपाती खाल्ली. ती गेल्यावर मी उशीत तोंड खुपसून रडले. मला मत्सर वाटला होता, साधा, हिरवागार मत्सर, वय एकाहत्तर असताना. मग मी बेर्नार्दला कागद आणायला सांगितले.

कलम ७. माझे राहते घर, मागील अंगण, पियानो आणि कोळशाचा साठा यांसह, मी सिदोनी वालाग हिला देत आहे. अटी अशा:

अ) तिने या घरात राहावे आणि आंब्रुआझ हयात असेपर्यंत त्यांना ओळी द्याव्यात. ती सध्या तिसऱ्या मजल्यावर सुनेच्या धाकात राहते आणि तिचे गुडघे गेले आहेत. माझ्याकडे खालची खोली आहे, तेव्हा उपकाराचा आव आणू नये.

आ) दिवाणखान्यातली माझी तसबीर हलवू नये. तिची स्वतःची तसबीर जिन्याखाली लावायला हरकत नाही.

इ) युगुलगीताच्या आधी खायची तशी लसूण तिने खाऊ नये. आंब्रुआझना पित्त होते.

ई) तिने आंब्रुआझना आश्रमात धाडले, तर घर त्याच दिवशी तेओफीलकडे जाईल. तिला तो माझ्याइतकाच आवडतो, तेव्हा ती तसे करणार नाही.

उ) या अटी मान्य असल्याचे तिने मी जिवंत असतानाच खाली लिहून द्यावे. मेल्यावर मला वाद घालता येणार नाही.

कलम ८. सिदोनी, हे तुझ्यासाठी आहे, नोटरींनी वाचले नाही तरी चालेल.

मी गेल्यावर आंब्रुआझ विचारतील, लेओ कुठे आहे? त्यांना फसवू नकोस. गावाला गेली, येईल, असले काही सांगू नकोस, ते दाराशी बसून राहतील. मेली म्हणून सांग. ते घाबरणार नाहीत. त्यांच्या वहीत नोंद आहे, त्यांनी मला चारशे अकरा वेळा मरताना पाहिले आहे. विषाने, खंजिराने, खोकल्याने, दोनदा चुकून पडद्याच्या दोरीने. पडदा पडला की त्यांना पेटीतून खालच्या भुयारात उतरावे लागे, त्यामुळे टाळ्यांसाठी पडदा पुन्हा किती वेळा वर जातो ते दिसत नसे. मग ते माझ्या खोलीत येत आणि आधी एकच गोष्ट विचारत, "पडदा किती वेळा वर गेला?" मी दरवेळी सात सांगत असे. ते मान हलवत, टोपी काढत आणि आम्ही जेवायला जात असू.

ते तुलाही विचारतील. रोज विचारतील, कारण रोज विसरतील. तू रोज सात सांग. मग त्यांना जेवायला बसव आणि पहिले दोन शब्द दे.

हे मृत्युपत्र वाचून, समजून, एकदा रडून आणि दोनदा हसून मी त्यावर सही केली आहे. याआधीची माझी सर्व मृत्युपत्रे रद्द. ती तीन आहेत आणि तिन्ही टेनरांच्या नावे होती.

तुलूझ, दिनांक ९ मे १९३४

(सही) लेओकादी बूस्के, उर्फ लेआ द मोंक्लार

साक्षीदार:
१. ओगुस्तँ देल्पेश, टोप बनवणारे. (बाईंचे वय मी पाहिलेले नाही.)
२. रोझाली कूदेर्क, मासळीविक्री, खालचा गाळा.

कलम ७ उ प्रमाणे होकार, सिदोनी वालाग हिच्या हस्ताक्षरात:

वाचलं. कोंबडी तू. बाकी सगळं मान्य आहे. सात मात्र फार होतात, सहा सांगेन.

(सही) सिदोनी वालाग