फोटोला लावलेले कुंकू

तीर्थरूप अप्पांस ईश्वरीचे शरणार्थ.

मुलीने वडिलांना पत्राने उत्तर द्यावे, असे आपल्या घरात कधी झालेले नाही. तरी लिहिते आहे, क्षमा असावी. फोनवर मला हे बोलता आले नसते.

मी बरी आहे. जर्मनीत थंडी पडली आहे, पण खोली उबदार आहे. आपल्या झरीच्या रानात तुरीला शेंगा भरल्या का? आईचा गुडघा कसा आहे?

रविवारचा माझा साखरपुडा मी मोबाईलवर पाहिला. मी येऊ शकले नाही, म्हणून पाटावर माझा फोटो ठेवून मानवतच्या स्थळाकडून विरेश यांच्या आईंनी त्या फोटोलाच कुंकू लावले. चन्नबसम्मा आत्या म्हणाल्या, "फोटो लय गुणाचा हाय बाई, उलटून बोलत न्हाई." सगळे हसले. मीही हसले. वाईट वाटले नाही, रागही आला नाही.

आपण स्थळाविषयी विचारले तेव्हा मी गप्प राहिले आणि आपण तो होकार समजलात. चूक माझी आहे. इथली संशोधनाची तीन वर्षांची जागा मी काल सही करून स्वीकारली. माघात लग्नाला मी येणार नाही.

मानवतला आपण कळवाल, की मीच लिहू?

आपली,
ईश्वरी

गुरुवार, २८ नोव्हेंबर २०२४, सकाळी ८ वाजून १० मिनिटे. आता टपालात टाकते आहे.