बाबांची गस्त

३ नोव्हेंबर, मंगळवार

हरिणी जिवंत होती. तेच वाईट. तारेचा फास मागच्या पायात हाडापर्यंत रुतलेला, आणि सुटायच्या धडपडीत तिने झाडाभोवतीची जमीन पार उकरून काढलेली. माझ्या गस्तीतल्या पैलवानाने तिचं डोकं मांडीवर घेतलं, डोळ्यांवर हात ठेवला. बंदूक मी चालवली. दुसरं काय करणार!

तिथूनच पुढे ओढ्याकाठी शिकाऱ्यांच्या तळावर छापा. राख गरम, चहाचं पातेलं गरम, माणूस एक नाही. पुन्हा तेच! आम्ही पोचायच्या आत कुणीतरी यांना कळवतं, हे शेंबड्या पोरालाही कळेल. मला कळून उपयोग काय? कुणाचं नाव घेऊ?

अख्ख्या राष्ट्रीय उद्यानाची कायदा-सुव्यवस्था माझ्याकडे. दारावरच्या पाटीवर तसं लिहिलंय खरं.

४ नोव्हेंबर

सकाळी बाबा युनिफॉर्म घालून दारात उभे. जुना, नोकरीतला, कॉलर विरलेला. “हजेरी घ्या. उशीर झालाय.” मी सॅल्यूट ठोकला. खूश झाले. दूध उतू जात होतं म्हणून मी आत पळाले, परत आले तर बाबा विचारतात — हे कपडे मला कुणी घातले?

७ नोव्हेंबर, शनिवार

संचालकांचा फोन. आवाज गोड, म्हणजे काहीतरी कडू येणार. “कुंपणच शेत खातंय का, बघा जरा.”

अंगाचा तिळपापड झाला. माझी माणसं पावसापाण्यात, अस्वलांच्या वाटेवर गस्त घालतात. यांनी केबिनमध्ये बसून म्हणी सांगायच्या! पैलवान समोरच होता. फोन ठेवल्यावर त्याला सांगितलं. तो बुटाच्या नाड्या बांधत राहिला. त्याला किती लागलं असेल, या विचाराने मलाच ओशाळल्यासारखं झालं.

नव्या भरतीतल्या दोघांवर माझा डोळा आहे. पण डोळा म्हणजे पुरावा नव्हे.

९ नोव्हेंबर

ताईचा फोन. तेच. “तू दिवसभर जंगलात. बाबांकडे कोण बघतं? चांगला वृद्धाश्रम आहे, बाग आहे, नर्स आहेत.” मी म्हटलं, त्यांना बाग कशाला, सगळं आयुष्य जंगलात गेलंय! “तेच म्हणतेय मी. एक दिवस जंगलातच जातील.” मोठी बहीण आहे, अपशकुनी बोलायचा तिला जन्मसिद्ध अधिकार आहे.

कोण बघतं म्हणे! संध्याकाळी पैलवान आला. दर दोन दिवसांनी येतो बाबांची दाढी करायला. एवढा धिप्पाड गडी, पण हात कापसासारखा. बाबा त्याच्यापुढे मान वर करून निमूट बसतात. मी वस्तरा हातात घेतला तर ओरडतात. मागे बाबांनीच त्याला नोकरीत घेतलं होतं. तालमीतून हाकलून दिलेला, कुणी दारात उभं करत नव्हतं. “साहेबांनी माणसात आणलं,” असं तो कुणालाही सांगतो. मला सख्खा भाऊ नाही. असता तर याहून जास्त काय करणार होता?

१२ नोव्हेंबर, गुरुवार

बाबा घरात नाहीत.

दार सताड उघडं. युनिफॉर्म नाही, काठी नाही. मी नाक्यावर होते. शेजारच्या क्लार्कबाईंनी सांगितलं — “ऐटीत निघाले हो, मला वाटलं तुमच्याकडेच येतायत!”

सगळ्यांना बोलावलं. गस्तीच्या टोळ्या केल्या. कुत्री आणली. मी दक्षिणेकडे, पैलवान पश्चिमेच्या दरीकडे, नवी पोरं तलावाकडे. ओढ्यापर्यंत पावलं मिळाली, पुढे एक नाही. पाण्यातून गेले. दगडावरून दगडावर. या वयात! शिकाऱ्यांना माग लागू नये म्हणून कसं चालायचं, हे त्यांनीच मला शिकवलेलं — आणि मी काठावर उभी राहून गाळात पाऊल शोधतेय.

“बाबा! बाबा!” घसा बसला. मग सुचलं, म्हणून “साहेब!” अशी हाक मारली. तेही नाही. गस्तीवर असतील तर हाकेला ओ देणारच नाहीत. आम्हालाच शिकाऱ्यांची टोळी समजत असतील.

अंधार पडायच्या आत शोध थांबवायचा, हा नियम. संचालकांनी आठवण करून दिली. मला आठवण करून दिली! नियम मीच लिहिलाय. भटकलेल्या कितीतरी लोकांच्या बायकांना, मुलांना मी तो शांतपणे समजावून सांगितलाय — “आमचीही माणसंच आहेत, बघा.” त्या कशा बघायच्या माझ्याकडे, ते आज कळलं.

१३ नोव्हेंबर

काही नाही. वायरलेसवर सगळ्यांचं एकच — काही नाही. ड्रोन उडवला, झाडांच्या शेंड्यांशिवाय काही दिसत नाही. सकाळी गवतावर दहिवर गोठलं होतं.

ताई आली. भांडली नाही. त्यापेक्षा भांडली असती तर बरं.

१४ नोव्हेंबर, शनिवार

दुपारी पैलवानाचा निरोप — सापडले! पश्चिमेच्या दरीत, कपारीखाली. जिवंत!

मी धावत निघाले, दोनदा पडले. पोचले तर तो बाबांना पाठीवर घेऊन चढ चढत होता. बाबांचा घोटा मोडलेला, ओठ निळे, नजर कुठेच नाही. आणि माझा आवाज ऐकल्याबरोबर कुठून बळ आलं कोण जाणे — पैलवानाच्या डोक्यावर मुठी मारायला लागले. “पकडा याला! पकडा!” तो खाली मान घालून चालत राहिला. घामाने निथळत होता, आणि रडत होता. एवढा मोठा माणूस हुंदके देत चढ चढतोय, आणि बाबा त्याच्या कानाखाली मारतायत!

मी त्याचे पाय धरायचे बाकी ठेवले होते. “मनावर घेऊ नकोस रे,” म्हटलं. “त्यांना भान नाही.”

“असू द्या मॅडम,” म्हणाला. “मारू द्या.”

१७ नोव्हेंबर

हॉस्पिटल. बाबा माझं मनगट धरून हळूच म्हणाले, “तो आपल्यातलाच आहे. फास लावताना पाहिलं मी.”

“कोण, बाबा?”

“पैलवान.”

“कधी पाहिलंत?”

विचार करून म्हणाले, “उद्या.”

हसू की रडू! काल याच बाबांनी औषध द्यायला आलेल्या नर्सला लाकूडचोर म्हणून झडती द्यायला लावली. बिचारीने खिसे उलटे करून दाखवले. डॉक्टर म्हणतात, मेंदूत जुनं-नवं एकमेकांत मिसळतं, चेहरे चिकटतात भलत्यालाच. मी एवढ्या साक्षी नोंदवल्या आयुष्यात. अशा साक्षीदाराला कोर्टात पहिल्याच प्रश्नाला खाली बसवतील.

आणि कुणाविरुद्ध? पैलवानाविरुद्ध? मी असा विचार क्षणभर तरी केला, याचीच लाज वाटते.

२० नोव्हेंबर, शुक्रवार

पैलवान भेटायला आला. पावडरचा डबा, वस्तरा, टॉवेल सगळं घेऊन. बाबांनी ताट फेकून मारलं. त्याच्या भुवईतून रक्त आलं. नर्स धावल्या, बाबांचे हात बांधावे लागले. हात बांधले त्यांचे! मी बघत उभी.

ताई बाहेर आली, माझ्याजवळ बसली. “बघ,” एवढंच म्हणाली. पैलवान भुवई दाबून कोपऱ्यात उभा होता. त्याला विचारलं, तुला काय वाटतं? तोंड वळवून म्हणाला, “मला नका विचारू, मॅडम. तुम्ही म्हणाल ते.”

मी हो म्हटलं ताईला.

२३ नोव्हेंबर, सोमवार

सोडून आले. बाग आहे, खरंच आहे. कापलेल्या झुडपांची. बाबा व्हीलचेअरमधून बघत म्हणाले, “इथे जनावर राहील कसं?”

निघताना त्यांना वाटलं मीही राहणार आहे. माझी पिशवी त्यांनी आपल्या पलंगाखाली नीट सरकवून ठेवली. ती काढून घेणं — यापेक्षा मोठी चोरी मी अजून पकडलेली नाही.

२६ नोव्हेंबर

आणखी एक फास. रिकामा. तेवढंच बरं.

घर मोठं झालंय.

१ डिसेंबर, मंगळवार

पैलवानाला धरलं. पलीकडच्या विभागाच्या तपासणी नाक्यावर. गाडीत कातडी, शिंगं, तारेची वेटोळी.

मला कळलं ते रेडिओवरच्या बातमीतून! दात घासत होते. आधी वाटलं, चुकलंय काहीतरी, नाव चुकलंय, गाडी चुकलीय. संचालकांना फोन लावला. “मोहीम गुप्त ठेवली होती. तुम्हालाही सांगितलं नाही. का, ते तुमच्या लक्षात आलं असेलच.”

आलं लक्षात. संशय माझ्यावरही होता. खरंय की — छाप्याची वेळ मला माहीत असायची आणि मी ज्याला सांगायची त्याला. घरी जेवताना, बाबांची दाढी चाललेली असताना, चहा ओतता ओतता सांगायची! कुणी काही विचारायचंही नाही. मीच सांगायची.

२ डिसेंबर

जबाब झाला — माझा. टेबलाच्या त्या बाजूला मी कधी बसले नव्हते. पोरसवदा अधिकारी, अदबीने बोलत होता. “मॅडम, तुम्हाला इतकी वर्षं काहीच जाणवलं नाही?”

नाही.

“तुमचे वडील काही म्हणाले होते का?”

म्हणाले होते.

“मग?”

मग काय! आजारी माणूस, म्हटलं. त्याने लिहून घेतलं. पुढे आणखी काही तरी सांगावं असं वाटलं — नर्सचं, “उद्या”चं. सांगितलं असतं तर तो हसला असता. कुणी हसू नये असं वाटलं.

तात्पुरतं मला कार्यालयीन कामावर बसवलंय. जंगलात जायचं नाही. नव्या भरतीतल्या त्या दोघांपैकी एकाने न सांगता चहा आणून ठेवला. ज्यांच्यावर डोळा ठेवला ते चहा देतायत. धन्य माझा डोळा!

५ डिसेंबर, शनिवार

बाबांकडे गेले. रस्ताभर वाक्य जुळवत होते. शेजारी खुर्ची ओढून म्हटलं, “बाबा, तुम्ही म्हणालात तेच खरं निघालं. मी ऐकलं नाही तुमचं.”

“कशाबद्दल?”

“पैलवानाबद्दल.”

चेहरा उजळला. “आला का? दोन दिवस झाले, दाढी टोचतेय नुसती.”

मी नर्सकडून वस्तरा मागून घेतला. बाबांनी ओरडा केला नाही. मान वर करून बसले, डोळे मिटून. माझ्याकडून हनुवटीशी जरा कापलं. “हळू रे,” म्हणाले.

मला ‘रे’ म्हणाले. मी “हो साहेब” म्हटलं.

७ डिसेंबर

ताई म्हणते, सुटका झाली समज. गुन्हेगार सापडला, बाबा सुखरूप, तुझ्यावरचा संशयही जाईल. सगळं खरं. मग घास का उतरत नाही?

सारखं एकच येतं मनात — तो रडत होता चढावर. ते खोटं होतं का? अश्रू खरे की खोटे, हे ओळखायला शिकवणारं प्रशिक्षण नाही कुठे.

९ डिसेंबर, बुधवार

कोठडीत पैलवानाला भेटू दिलं. समोर शिपाई होता. मी ठरवून गेले होते, एकही शिवी द्यायची नाही आणि कारण विचारायचं नाही. तरी कारण त्यानेच सांगितलं. “एकदा नुसतं सांगितलं शिकाऱ्यांना, उद्या गस्त नाही म्हणून. ओळखीचा माणूस होता, सहज विचारलं त्याने. मग सुटता आलं नाही. सारखं दरडावायचे, मॅडमना सांगू का?”

मी उठले. तेव्हा म्हणाला, “जबाबात एक लिहिलेलं नाही.”

बाबा त्याला पहिल्याच दिवशी भेटले होते. पाय मोडून कपारीखाली बसलेले. त्याच्या हातात तारेची वेटोळी — आम्ही तिकडे पोचायच्या आत तो ती गोळा करत होता. बाबांनी त्याला नावाने हाक मारली. बापाने ठेवलेल्या नावाने, जे आता कुणी घेत नाही. विचारलं, “हे काय रे हातात?”

“पूर्ण शुद्धीत होते, मॅडम. पहिल्यासारखे. घरी येऊन तुम्हाला सगळं नीट सांगितलं असतं. मी जवळची पाण्याची बाटली ठेवली आणि निघालो. दुसऱ्या दिवशी भरून ठेवली. तिसऱ्या दिवशी गेलो तर डोळे उघडेनात. मग उचलले.”

पाणी ठेवलं म्हणून बाबा वाचले. उचललं नाही म्हणून —

दाराशी पोचले तर मागून म्हणाला, “तुम्ही वायरलेसवर विचारत होतात, कुणाला दिसले का. मी त्यांच्यासमोर उभा राहून म्हणालो, इकडे कुणी नाही. तुमचा आवाज ऐकला त्यांनी. ओ दिली होती तुम्हाला. मी बोलायचं बटण आधीच सोडलं होतं.”