शून्य सावलीचा मंडप

सोलापूर,
वैशाखातली दुपार, दारं-खिडक्या लावून

परममित्र मौलाली यास,

शिवपुत्रचा सलाम, नमस्कार, आणि (दोन्ही तुला कमीच पडतात म्हणून) पाठीत एक धपका.

तुझे गुडघे काय म्हणतात? फोनवर तू "मस्त हाय" म्हणतोस आणि मागून रुक्साना सूनबाईंचं "अब्बा, खोटं नका बोलू" ऐकू येतं, तेव्हा मी सूनबाईंवर विश्वास ठेवतो. चि. उमरला आशीर्वाद. इकडे सर्व कुशल. दानम्माच्या कुरडयांनी गच्ची व्यापली आहे, त्यामुळे मला वर जायची बंदी आहे. (मागल्या वर्षी एका कवितेच्या तंद्रीत मी सांडग्यांवरून चालत गेलो होतो. कविता विसरली, सांडगे अजून निघतात.)

आता तू विचारणार, "गेली का सावली?" थांब. गाडी स्टँडवरून सुटल्याशिवाय मुक्काम विचारू नये, हे तूच प्रवाशांना सांगत होतास.

धोंडिराम गुरुजींचा तो वर्ग आठव. कौलांच्या फटीतून उन्हाची तिरीप फळ्यावर पडायची आणि गुरुजी भूगोल बाजूला ठेवून स्वतःच रचलेल्या ओळी म्हणायचे:

सावली माझी सखी ती मागुनी जी धावते,
येइ माथी सूर्य तेव्हा पाउलांशी झोपते.

माझ्या अंगावर काटा आला होता. तू मात्र उभा राहून विचारलंस, "गुरुजी, सावली काय मांजर हाय का, झोपायला?" गुरुजी रागावले नाहीत. म्हणाले, वैशाखात एक दिवस असा येतो की भर दुपारी सावली खरंच दिसेनाशी होते. आपलं गावच तसं आहे, बघा. बघणार कसं? वैशाखात शाळेला सुट्टी! मी अक्कलकोटला मामाकडे आंबे चोखत, तू चुलत्याच्या गॅरेजात काळा होत. जूनमध्ये शाळा उघडली की तू जाहीर करायचास, "गुरुजींनी थाप मारली." पुढे जन्मभर एसटी चालवलीस आणि प्रत्येक भेटीत तेच ऐकवलंस: एवढे रस्ते तुडवले, पण गाडीची सावली कधी सुटली नाही. गुरुजी गेल्यावरसुद्धा तू हे म्हणालास, मौलाली. तेव्हा मी हसलो होतो, पण मला ते लागलं होतं. कविता खोटी असली तर चालेल (कवितेला ती सवलत आहे). गुरुजी खोटे असून चालणार नाही.

म्हणून यंदा आमच्या निसर्ग-विज्ञान मंडळाने उन्हाळी सप्ताह जाहीर केला आणि शेवटच्या दिवशी "शून्य सावली दर्शन" असं छापलं, तेव्हा मी सर्वांत आधी नाव दिलं. सप्ताह फारच शास्त्रीय झाला. पहिल्या दिवशी हिप्परग्याच्या तलावावर पक्षीनिरीक्षण होतं. पक्ष्यांना आधी कळवलं नव्हतं, त्यामुळे लाउडस्पीकरवरून त्यांचं स्वागत सुरू होताच ते गैरसमज करून घेऊन उडून गेले. मग आम्ही एकमेकांचं निरीक्षण केलं आणि उप्पीट खाल्लं. दुसऱ्या दिवशी वृक्ष-परिचय. "वृक्ष आपले सोयरे, त्यांना इजा करू नका" हा फलक एका कडुनिंबाला चांगल्या लांब खिळ्यांनी ठोकला होता. सोयऱ्यांशी आपण कसे वागतो हे पाहता, ठीकच होतं.

आणि आज शून्य सावली. मंडळाच्या चिटणीस महेश्वरीबाई कॉलेजात विज्ञान शिकवतात, अत्यंत सज्जन. त्यांनी शाळेच्या मैदानात वाळूच्या बादलीत एक पाइप ओळंब्याने सरळ उभा केला होता. सूर्य बरोब्बर डोक्यावर आला की त्याची सावली नाहीशी होणार, आणि त्याच क्षणी मी गुरुजींच्या ओळी म्हणायच्या, असं ठरलं होतं. मी चार दिवस आरशासमोर म्हणत होतो. दानम्मा म्हणाली, "त्या सावलीसाटी एवढं? घरात लई सावली हाय, बसा की गप."

पण कार्यक्रम म्हटला की प्रमुख पाहुणे आले, आणि पाहुण्यांनी कळवलं की उन्हात बसणं त्यांच्या प्रकृतीला मानवत नाही. (निवडणुकीच्या उन्हात मानवतं, तो वेगळा सूर्य.) तेव्हा कार्यकारिणीने एकमताने ठराव केला: मंडप घाला. महेश्वरीबाईंनी हळू आवाजात शंका काढली की सावली नाहीशी होताना पाहायची तर वर ऊन लागेल. त्यावर बरीच चर्चा होऊन मंडपाला मधोमध एक भोक ठेवण्याचा तोडगा निघाला. मंडपवाला अतीक हे ऐकून कपाळाला हात लावून बसला. "भोक पडलेला मंडप मी आजवर कुणाला दिला न्हाय, काका. आमच्या धंद्याची इज्जत हाय." तरी त्याने दिला. छताच्या मध्यातून उन्हाचा एक गोल तुकडा पाइपावर पडला. मला वर्गातली ती तिरीप आठवली आणि डोळे भरून आले.

पाहुणे उशिरा आले आणि नेमका तोच तुकडा त्यांच्या चष्म्यावर चमकू लागला. कार्यकर्ते धावले. भोक बुजवायला कापड मिळेना, म्हणून पाहुण्यांच्या स्वागताचा फ्लेक्स वर चढवून त्यावर बांधला. आता सूर्याच्या जागी खुद्द पाहुणे, हात जोडून. मौलाली, त्या घटकेला अख्ख्या सोलापुरातले खांब, झाडं, रिक्षा आपापल्या सावल्या गिळत होते, आणि गावातली एकमेव अखंड, गारेगार, कूलर लावलेली सावली आमच्या मंडपात होती, जिथे आम्ही शून्य सावली पाहायला जमलो होतो.

मी घड्याळाकडे पाहिलं. साडेबारा होत आले होते. उठलो, तर निवेदकाने माझंच नाव पुकारलं: "ज्येष्ठ काव्यप्रेमी शिवपुत्र काका यांचा सत्कार!" खांद्यावर शाल पडली. लोकरीची. वैशाखात. एका हातात नारळ, दुसऱ्यात पुष्पगुच्छ, समोर फोटोवाला. महेश्वरीबाई एका कोपऱ्यातून घड्याळ दाखवून मला खुणा करत होत्या, मी शालीतून त्यांना खुणा करत होतो, आणि लोकांना वाटलं आम्ही भारावलो आहोत. मी म्हणालो, "अहो, सावली चालली!" तर मागून एक जण म्हणतो, "बसा की काका, सावली कुटं पळून जात न्हाय, मंडप संध्याकाळपर्यंतचा हाय."

मग मात्र मी पळालो. शाल, नारळ, गुच्छ यांच्यासकट. मैदानात पाऊल टाकलं आणि कळलं की दीपप्रज्वलनासाठी काढलेल्या चपला आतच राहिल्या. तव्यावरची भाकरी आणि मी यांत फरक इतकाच, की भाकरी गप्प बसते. सावली पायाशी झोपली आहे का हे पाहायला पाय जमिनीवर टेकावा लागतो, आणि माझा एकही टेकत नव्हता. तरी दात आवळून मी क्षणभर स्थिर झालो. खाली पाहिलं. आणि मला दिसली: मोठी, गोल, गडद सावली!

छत्रीची. मागून अतीक धावत आला होता. "काका, ऊन लई हाय, पडताल की! मंडपाच्या बाहेर पडलात तरी नाव माझ्याच मंडपाचं खराब व्हतंय!"

त्याच्यावर रागवायचं तरी कसं? छत्री बाजूला करेपर्यंत शालीच्या झालरीची सावली जमिनीवर एका बाजूला बोटभर उमटली होती. वेळ गेली होती. आत टाळ्या वाजत होत्या. पाहुणे म्हणत होते की विज्ञानाची दृष्टी घराघरात पोचली पाहिजे. कविता म्हणायचं कुणाच्याच ध्यानात राहिलं नाही, माझ्यासुद्धा.

तर, तुझ्या प्रश्नाचं उत्तर: ठाऊक नाही. सावली गेली असणार. मी तिथे नव्हतो. मी सत्कारात होतो. आता हस हवं तेवढं. या असल्या पोरकट गोष्टींत मला आता रस उरलेला नाही. गुरुजी त्यांच्या ठिकाणी, तू तुझ्या ठिकाणी. तब्येतीला जप.

तुझा,
शिवपुत्र

ता. क. उद्याच्या पेपरात "शेकडोंनी अनुभवली शून्य सावली" असं आलं तर विश्वास ठेवू नकोस. कात्रण मात्र ठेव. फोटोत डावीकडून तिसरा मी आहे.

ता. क. दोन. महेश्वरीबाई रडवेल्या होऊन घरापर्यंत चपला घेऊन आल्या होत्या. म्हणाल्या, काका, सूर्य रोज थोडा थोडा उत्तरेला सरकतो. इथे पुन्हा यायला त्याला श्रावणाच्या आसपास उजाडेल, आणि तेव्हा ढगांचा मंडप असतो. पण उद्या दुपारी तो अकलूजच्या, म्हणजे तुझ्याच गावच्या, डोक्यावर आहे. म्हणून हे पत्र पोस्टात न टाकता संध्याकाळच्या अकलूज गाडीच्या कंडक्टरकडे देतोय (तुझं नाव घेतल्यावर त्याने शर्टाच्या खिशात, तिकिटांच्याही वर ठेवलं). सकाळच्या पहिल्या गाडीने मी येतोय. गुडघे दुखत असले तरी तू गच्चीवर माझ्या शेजारी उभा राहायचंस. गुरुजी खरे ठरले तर ते तुझ्याच डोळ्यांनी ठरायला हवेत. माझ्या डोळ्यांना कवितेची सवय आहे, त्यांची साक्ष कोण मानणार?

ता. क. तीन, आणि हेच खरं काम. उमरने उन्हासाठी तुमच्या गच्चीवर हिरवी जाळी बांधली आहे, असं सूनबाई म्हणत होत्या. ती आज रात्रीच सोडायला घे. सगळी.

ता. क. चार. दानम्माही येते म्हणते. "दोन म्हातारे उन्हात उबे राहणार, पडले तर उचलायला कुणीतरी नको व्हय?" आजची शाल सोबत आणतोय. काळजी करू नकोस, सत्कार नाही. जो हरेल, त्याला तोंड झाकायला.