वहीच्या कोपऱ्यातलं रॉकेट

नाना, रविवारी दुपारी मी नातीबरोबर एक जपानी सिनेमा पाहिला. सगळा हाताने काढलेल्या चित्रांचा, अंतराळातल्या साहसाचा. सावेडीच्या फ्लॅटमध्ये भर दुपारी या वयात कार्टून बघत बसणं मला पटत नव्हतं. "आजी, कार्टून नाही म्हणायचं त्याला," नात म्हणाली. "मग काय म्हणायचं?" "आधी बघ, मग बोल." मी मुख्याध्यापिका होते तेव्हा माझ्याशी असं बोलायची कुणाची हिंमत नव्हती. मी बसले. एक जुनं मालवाहू यान, त्यातली तीन माणसं, दूरच्या ग्रहावर अडकलेल्या चौथ्याला आणायला निघालेली. गुरुत्वाकर्षणाच्या दोन चुका मी काढल्या आणि नातीला ऐकवल्याही. पण यान उडालं तेव्हा मात्र चुका शोधायच्या राहून गेल्या.

सिनेमा संपल्यावर तो कसा केला ते दाखवलं. मोठी खोली, टेबलांवर वाकलेली माणसं, सगळ्यांच्या हातात शिसपेन्सिली. त्यात एक पिकल्या केसांची बाई होती, ती फक्त यानाच्या शेपटीचा जाळ आणि धूर काढते. काढलेलं चित्र खाली ठेवायचं, त्यावर कोरा कागद घ्यायचा, खालचं पुसट दिसतं त्याला धरून पुढचं किंचित वेगळं काढायचं. मग तो गठ्ठा बोटांत धरून ती फडफडवते आणि धूर उठतो. तळापासून वर फडफडवते, नाना. पहिलं चित्र तळाशी असतं.

मी एकदम राहुरीच्या आपल्या स्वयंपाकघरात गेले. बी.एस्सी.चं शेवटचं वर्ष, नगरची एसटी गाठायची घाई, आई भाकरी थापते आहे. तुम्ही शाळेत चित्रकला शिकवायचात, पण घरी कधी पेन्सिल धरलेली मी पाहिली नव्हती. त्या सकाळी तुम्ही माझं फिजिक्सचं जर्नल पुढे केलंत. "आगं, कोपरे चाळून बघ की." मी पहिल्या पानापासून चाळले. प्रत्येक कोपऱ्यात इवलंसं रॉकेट. ते आकाशातून शेपटीकडून खाली आलं, जाळ गिळला आणि जमिनीवर उभं राहिलं.

"नाना, हे उलटं चाललंय. तुमचं रॉकेट पडतंय."

"व्हय का?" तुम्ही हसलात. "परत बघ. लई घाई हाय तुला."

"आज जर्नल तपासायला द्यायचंय. या पोरखेळाचे मार्क मिळत नाहीत."

"खाऊन घ्या, मग भांडा," तव्यावरची भाकरी उलटत आई म्हणाली.

मी कात्री आणली आणि तुमच्यासमोर एकेक कोपरा कापला. तुम्ही अडवलं नाहीत. खाली पडलेले तुकडे वेचून खडूच्या रिकाम्या डब्यात ठेवलेत आणि शाळेत गेलात. त्यानंतर माझ्या एकाही वहीला तुम्ही हात लावला नाहीत. कॉलेजात सरांनी विचारलं, "कोपरे कुणी खाल्ले?" मी म्हणाले, "उंदरांनी."

तुम्ही गेल्यावर आईने तो डबा मला दिला. घरं बदलली, डबा बरोबर आला, पण मी तो उघडला नव्हता. रविवारी उघडला. तुकड्यांवर माझ्याच अक्षरात पानांचे आकडे होते, म्हणून लावणं सोपं गेलं. चिमट्यात घट्ट धरले आणि शेवटच्या पानाकडून चाळले. जाळ निघाला, धूर पसरला, रॉकेट हळूहळू सुटलं आणि वर जात जात ठिपका झालं. खालचं चित्र दिसावं म्हणून तुम्ही शेवटच्या पानापासून काढत आला होतात, त्या जपानी बाईसारखंच. हे तुम्हाला कुणी शिकवलं होतं? आणि उलट बघतेस, एवढं मला सांगितलं का नाहीत? की मी ऐकलं नसतं, हे तुम्हाला ठाऊक होतं?

नातीने ते पंधरा-वीस वेळा चाळलं. मग विचारलं, "आजी, कोपरे कापले कुणी?" खोटं बोलणाऱ्या किती मुलींना मी वर्गाबाहेर उभं केलं असेल. तरी तोंडातून तेच आलं, "उंदरांनी."

"इतके सरळ?" ती म्हणाली.

मी तिला चहा टाकायला पाठवलं. तिला खरं सांगणार आहे, पण आधी तुम्हाला सांगायला हवं, म्हणून हे लिहिलं. कागद त्याच डब्यात ठेवते. नाना, तुमचं रॉकेट पडत नव्हतं. आणि मला ते त्या दिवशीसुद्धा आवडलं होतं.