आठचा भोंगा

पिपलानी, भोपाळ
११ डिसेंबर १९७९

ती. नलूताई,

कांचनचा नमस्कार. तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले. रागावली असशीलच, त्यातला थोडा राग भेटीसाठी राखून ठेव. आम्ही सगळे ठीक आहोत. थंडी कडाक्याची पडली आहे. हे सकाळी सायकल काढून कारखान्यात जातात आणि क्वार्टरमध्ये उरतो आम्ही तिघं. मी, अनू आणि तुझा लाडका भाचा दत्तू.

तू विचारलंस त्याचं उत्तर पुढे लिहिते. आधी आमच्या आंघोळीची कथा ऐक, म्हणजे मला पत्राला वेळ का मिळत नाही ते कळेल.

नळ सकाळीच येतो आणि तेव्हाच पिंप भरायचं, तेव्हाच या दोघांना न्हाऊ घालायचं. न्हाणीघर एवढंसं. एक पाटावर बसला की दुसरा उंबऱ्यात. अनू आता पाच वर्षांची झाली, म्हणून "माझी मी घेते" म्हणते आणि तांब्यातलं अर्धं पाणी माझ्या पदरावर ओतते. दत्तूला तेल लावलं की तो मासोळीसारखा हातातून निसटतो, आणि एका हाताने त्याला धरून दुसऱ्या हाताने त्याच्या तोंडातला साबण काढावा लागतो. बादलीत दोन्ही हात आपटून तो असं पाणी उडवतो की भिंतीवरचा आरसासुद्धा न्हाऊन निघतो. आंघोळ त्यांची होते आणि पातळ मला बदलावं लागतं.

त्यात आठला कारखान्याचा भोंगा होतो. तो झाला की अनू मान वर करून "भोंऽऽऽ" करते. लगेच दत्तूही तिच्यासारखंच तोंड वासतो आणि खिदळतो. मी यांना कौतुकाने सांगत असे, "तुमच्या लेकाला आत्तापासून ड्यूटीची वेळ कळते हो!"

मागच्या आठवड्यात तर गंमतच झाली. पाणी तापवायला न्हाणीघराबाहेरच्या बोळात बादलीत रॉड लावला होता. मी अनूच्या डोक्याला शिकेकाई चोळत होते, तेवढ्यात दत्तू उठून त्या बादलीकडे निघाला. मी अशी किंचाळले की शेजारच्या मिश्राभाभी लाटणं घेऊन धावत आल्या. "अरे कांचन, क्या हुआ? चोर आया क्या?" त्यांच्या हातातलं लाटणं, माझा फेसाने भरलेला अवतार! नंतर दोघी पोट धरून हसलो.

ताई, हसलो हे खोटं आहे. भाभी हसल्या, मी नुसती दात दाखवत होते.

झालं ते असं. मी किंचाळले. भिंतीपलीकडच्या भाभींना ऐकू गेलं. दत्तू माझ्यापासून दोन हातांवर होता, त्याची पाठ माझ्याकडे होती, आणि तो दचकलासुद्धा नाही. हात पुढे करून मजेत चालत राहिला. माझा पाय फेसावरून घसरला, मी खाली बसले. तेवढ्यात अनूने तांब्याभर पाणी त्याच्या पाठीवर फेकलं. तो गर्रकन वळला, तिच्याकडे बघून हसला आणि पाणी उडवायला परत आला. मी आधी बटण बंद केलं, मग त्याला उचललं, आणि अनूच्या गालावर एक ठेवून दिली. रॉड चालू असताना पाणी फेकतेस?

ती रडत रडत काय म्हणाली ठाऊक आहे? "आई, हाक मारून तो येतच नाही. पाणी मारलं की बघतो."

रोज त्या न्हाणीघरात मी तिच्यावर खेकसत होते, पाणी उडवू नकोस, उडवू नकोस. आणि ती भावाला हाक मारत होती गं!

दुसऱ्या दिवशी अनूला जवळ घेऊन सांगितलं, आज तू भों करू नकोस. दत्तूला पाटावर बसवलं. भोंगा झाला, खिडकीच्या काचा थरथरल्या. दत्तू साबणाशी खेळत राहिला. तो इतके दिवस भोंग्याला नाही, अनूच्या तोंडाला साथ देत होता. मग स्वयंपाकघरात त्याच्या पाठीमागे परात आपटली. ओट्याखालची मांजर पळाली. त्याने मान वळवली नाही.

यांना अजून सांगितलेलं नाही. संध्याकाळी सायकलची घंटी वाजली की अनू दाराकडे पळते आणि तिच्यामागे दत्तू. हे कारखान्यात सगळ्या शॉपमध्ये सांगत फिरतात, माझा मुलगा माझी घंटी ओळखतो. त्याला उचलतात तेव्हा यांच्या तोंडावर जे असतं, ते माझ्या हाताने कसं पुसू?

टी. टी. नगरला एक कानाचे डॉक्टर आहेत, भाभींनी नाव काढून दिलं. डॉक्टरांनी पुढच्या सोमवारी बोलावलं आहे. त्याआधी यांना सांगायलाच हवं, आणि ते मी सांगेन. तू फक्त माझ्या शेजारी बस. भाऊजींच्या जेवणाची सोय लावून रविवारच्या आत ये. नागपूरहून गाडी काही लांबची नाही. मला फार भीती वाटते आहे, ताई. डॉक्टर काय सांगतील याची, आणि त्यांच्याकडे करण्यासारखं काहीच उरलं नसेल तर त्याचीही.

येताना खुळखुळा आणू नकोस. बारशाला तू दिलेले घुंगरांचे वाळे अजून त्याच्या पायात आहेत. आम्हाला ते वाजताना ऐकू येतात.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. तू लिहिलं होतंस, दत्तू 'मावशी' म्हणायला लागला का? नाही गं. दारातून त्याला हाकही मारू नकोस. सरळ न्हाणीघरात ये आणि ओंजळभर पाणी त्याच्या अंगावर उडव. तो वळून बघेल.

वाट बघणारी,
तुझी कांचन