रिपोर्टची शेवटची ओळ

५ जानेवारी, सोमवार

वाचलं त्यानं! सगळं! मी खाली जाऊन चहा घेऊन वर आले, तेवढ्यात त्या सॉफ्टवेअरचा अख्खा कोड वाचून झाला होता. मला एवढं वाचायला वर्ष लागलं असतं आणि तरी निम्मं कळलं नसतं.

सकाळी रणजीतनं त्याच्या ऑफिसात बोलावलं, डेपोसमोरच्या मोबाईल दुकानाच्या वरच्या खोलीत. कॉलेजात एका वर्गात होतो आम्ही. मग तो सॉफ्टवेअरकडे गेला, मी वकिलीकडे. सोनोग्राफी सेंटरमध्ये रिपोर्ट काढायचं एक जुनं सॉफ्टवेअर तो विकत घेतोय. लिहिणाऱ्यानं धंदा सोडलाय. आजूबाजूच्या तालुक्यांतली बरीच सेंटरं तेच वापरतात, म्हणजे गिऱ्हाईक आयतं. "सपना, कायद्यात कुठं अडकन का, तेवढं बघून दे. एआय लावून दिलंय. ते सांगन, तू खरंखोटं कर."

मी लॅपटॉपसमोर बसले. मराठीत प्रश्न विचारला. मराठीत उत्तर! कोणती फाईल, कितवी ओळ, कोणता कायदा, धोका किती. कोर्टात सिनियरच्या मागं फायली उचलत घालवलेली सगळी वर्षं डोळ्यांपुढून गेली.

६ जानेवारी

आज यादीवर बसले. फुकट मिळालेला एक कोड, ज्याच्या मालकाची अट अशी की वापराल तर तुमचाही कोड सगळ्यांना खुला करा. कुणी केलेलं नाही. बायकांची नावं, फोन नंबर, आधार — सगळं उघडं पडलेलं, कुलूप नाही, काही नाही. चाचणीसाठी म्हणून विकणाऱ्यानं खऱ्या पेशंटांची माहिती जशीच्या तशी देऊन टाकलीय! पहिलं काम ते केलं. रणजीतला नावं-नंबर पुसायला लावले. "आत्ता?" म्हणाला. आत्ताच, म्हटलं.

एका ठिकाणी एआयनं एका नियमाचा आधार दिला. मी पुस्तक काढलं. तसा नियमच नाही! तसं लिहिलं तर म्हणे, "तुमचं बरोबर आहे, माझी चूक झाली." फार बरं वाटलं. खरं सांगायचं तर जरा जास्तच बरं वाटलं.

७ जानेवारी

दिवसभर कोर्टात. तारीख पडली. लक्ष इकडंच.

८ जानेवारी, गुरुवार

कसं लिहू.

यादी संपत आली होती. सगळ्यात खाली एक मुद्दा, त्याला धोका जास्त की कमी, काहीच लिहिलेलं नाही. लिहिलं होतं — "एक गोष्ट मला समजली नाही. ती माणसानं बघावी असं वाटतं."

गोष्ट ही. रिपोर्ट छापताना सर्वांत खाली एक ओळ येते, सल्ल्याची. 'दूध भरपूर घ्या' नाहीतर 'पाणी भरपूर प्या'. कोणती यायची ते कीबोर्डवरच्या आकड्याच्या बटणावर ठरतं. एक दाबलं की दूध, दोन दाबलं की पाणी, काहीच दाबलं नाही तर ओळच नाही. त्या बटणाचा स्क्रीनवर कुठं उल्लेख नाही. बाईचं वजन, रक्त, शुगर — कशाशीही त्याचा संबंध जोडलेला नाही.

आणि पुढं — "चौदा आठवड्यांच्या आधीच्या गरोदरपणात ही ओळ छापली जात नाही. जुळं असेल तरीही छापली जात नाही. आहाराचा सल्ला असेल तर या दोन अटी कशासाठी, हे मला सांगता येत नाही. गर्भाचं लिंग शब्दानं, खुणेनं किंवा कोणत्याही प्रकारे कळवायला कायद्यानं बंदी आहे. त्यामुळे हे तपासावं. मी कुणावर आरोप करत नाही."

मी तीनदा वाचलं. जुळं असेल तर छापत नाही!! जुळ्याच्या आईला पाणी नको, दूध नको? चौदाच्या आधी मुलगा की मुलगी ते नीट दिसत नाही, आणि जुळ्यांचं एका ओळीत सांगता येत नाही.

कायद्याचं ते कलम मला पाठ आहे. परीक्षेला लिहिलंय, नवरात्रात शाळांमध्ये भाषणं दिलीत त्यावर. पण अशा ओळीवरून मी शंभर वेळा नजर फिरवली असती आणि पुढं गेले असते. कुणीही गेलं असतं. पाणी प्या — यात काय आहे?

त्या एआयला पोटातलं लेकरू म्हणजे काय ते माहीत नाही. तरी तिथं थांबलं ते.

९ जानेवारी

रणजीतनं स्वतः करून बघितलं. खोटं नाव टाकलं, आठवडे सोळा, बटण एक. छापलं. दूध. बटण दोन. पाणी. आठवडे बारा केले — ओळ नाही. जुळं केलं — नाही.

कागद हातात घेऊन तो खिडकीपाशी उभा राहिला. खाली डेपोतली सेनगाव-गोरेगाव गाडी भरून राहिली होती. एक बाई पोट सांभाळत पायरी चढत होती. तो वळलाच नाही. मग म्हणाला, "हे मी इकत घेऊन राहिलो होतो, सपना."

११ जानेवारी, रविवार

नावं पुसलेल्या नोंदी उरल्या होत्या, नुसत्या केस नंबरावर, एवढ्या वर्षांच्या. एआयला एकच विचारलं. दूधवाल्या बायका पुढच्या तपासणीला परत आल्या का? आणि पाणीवाल्या?

उत्तर यायला एक क्षण लागला.

दूधवाल्या बहुतेक सगळ्या परत आल्या. पाणीवाल्यांतल्या निम्म्याहून जास्त पुन्हा कधीच आल्या नाहीत. एकाच सेंटरमध्ये. बाकीच्या सेंटरांत ते बटण कुणी एकदाही दाबलेलं नाही.

खाली लिहिलं होतं — "न येण्याची दुसरी कारणं असू शकतात. या नोंदी म्हणजे पुरावा नव्हे. पण फरक मोठा आहे, आणि प्रत्येक नोंदीमागे एक बाई आहे."

मी लॅपटॉप मिटला.

आई भाकरी थापत होती. माझं तोंड बघून हात थांबले तिचे. "काहून गं? काय झालं?" सांगितलं सगळं. तिनं पिठाचे हात पुसले. मग म्हणाली, "मंग त्या मशीनला कुनी शिकवलं हे वळखायला?"

"त्यालाही अर्थ माहीत नव्हता, आई. त्यानं फक्त विचारलं, हे असं का म्हणून."

"इतक्या लोकांच्या हातातून कागद गेला," आई म्हणाली, "एकानंबी न्हाई इचारलं."

तव्यावरची भाकरी करपली. दोघींच्याही ध्यानात आलं नाही.

१३ जानेवारी

रणजीतशी भांडण. मोठं.

तो म्हणतो, सौदा मोडतो, कोड परत देतो, विषय संपला. "आपलं काम होतं बघायचं. बघितलं. आता पोलीस व्हायचं का आपुन? त्या सेंटरच्या डॉक्टरचा भाऊ कोन हाय म्हाईत हाय ना तुला? मला या गावात धंदा करायचाय."

मी म्हटलं, "परत दिलास तर दुसरा घेईल. बटण तिथंच राहील."

"तू वकील हाय. तुझं बोलनं हाय. माझं पोट हाय."

त्याचं खोटं नव्हतं. खाली आले, गाडीला चावी लावली, तेवढ्यात वरून हाक. जिन्यावर उभा होता, पायात चप्पल नाही. "अर्ज तू लिव. कोडचं मी समजावून सांगन. पन सांगताना तू बाजूला बस — मला साहेब लोकांपुढं बोलता येत न्हाई."

हसू आलं, रडूही आलं!

१५ जानेवारी

तक्रार दिली. या कायद्यात तपासायचे आणि सील लावायचे अधिकार ज्या सरकारी डॉक्टरांना असतात, त्यांच्याकडे. आधी ते घड्याळाकडं बघत होते. रणजीतनं लॅपटॉप फिरवला त्यांच्याकडं, घाबरत घाबरत एक दाबलं, दोन दाबलं. मग 'जुळं' केलं.

त्यांनी चष्मा काढला. हिंदीत, स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "सब के सामने छाप रहा था."

१९ जानेवारी

त्या सेंटरच्या सोनोग्राफी मशीनला सील. पथक गेलं तेव्हा सेंटरचे डॉक्टर शांत होते म्हणे. जबाब दिला — "आहाराचा सल्ला आहे. पाणी पिणं गुन्हा आहे का?"

अधिकाऱ्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. कोड खरा, नोंदी खऱ्या, पण खुणेचा अर्थ काय हे सांगणारं माणूस पाहिजे. ज्याला तो अर्थ सांगितला गेला, असं कुणीतरी. नाहीतर पाणी म्हणजे पाणीच.

बरोबर आहे त्यांचं. एआयनंही तेच लिहिलं होतं, माणसानं बघावं म्हणून.

२४ जानेवारी, शनिवार

गोरेगावकडे जाऊन आले. ओळखीच्या नर्सबाई सोबत होत्या; त्या सेंटरला कोण कोण जाऊन आलं ते त्यांना माहीत. बायका पाणी देतात, बसवतात, विषय काढला की उठतात. "आमाला काय म्हाईत, ताई." एकीनं पदर तोंडात धरला आणि आत गेली ती बाहेर आलीच नाही. तिच्या मागं जायचा धीर मला झाला नाही. तिला काय विचारणार होते मी? जे तिच्यावर लादलं, तेच पुन्हा तिच्याच तोंडून वदवून घ्यायचं?

परतताना जीपमध्ये कोंबून बसलो होतो. बाजूनं मेंढरांचा कळप चालला होता, जीप थांबली. मागची मेंढरं, पुढची मेंढरं, मध्ये एक लंगडं कोकरू. सगळा कळप त्याच्या चालीनं. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला नाही.

२५ जानेवारी

हरलो बहुतेक. रणजीतची दोन गिऱ्हाइकं गेली. आता फोन वाजला की तो दचकतो.

२८ जानेवारी

विचार करते — त्या एआयचं कौतुक मला इतकं का वाटतं? माझ्यापेक्षा हुशार आहे म्हणून? नाही. ते चुकतंसुद्धा, ते मी पाहिलं. पण हजारो ओळी वाचून दमलं नाही, कंटाळलं नाही, आणि साध्या दिसणाऱ्या ओळीपाशी थांबलं. जे कळलं नाही ते 'कळलं नाही' म्हणून लिहिलं. आमच्या कोर्टात असं वाक्य मी कुणाच्याच तोंडून ऐकलं नाही. माझ्या तोंडूनसुद्धा.

२ फेब्रुवारी, सोमवार

कोर्टाच्या आवारात माझ्या टेबलापाशी एक माणूस. अंगद नाव, सेनगावकडचा, मेंढरं राखतो; सेंटरला सील लागल्याचं ऐकून आलेला. खांद्यावर दीड-दोन वर्षांची पोरगी, झोपलेली. त्यानं एका हातानं रिपोर्ट समोर ठेवला. खाली — पाणी भरपूर प्या.

मी सांगितलं, साक्ष दिलीत तर तुमच्यावरही गुन्हा लागू शकतो. विचारायला तुम्हीच गेला होतात.

"व्हय. मीच गेलतो, आईच्या सांगन्यावरून. पानी म्हंजी पोरगी, आदीच सांगितलं व्हतं तिथल्या मानसानं, आईच्या समोर."

"मग?"

त्यानं पोरीच्या डोक्यावरची टोपी नीट केली.

"आईला वाचता येत न्हाई, ताई. घरी आल्यावर मी मोठ्यानं वाचून दाखवलं. दूध."