डिंकाच्या लाडवांबद्दल

गोहलपूर, जबलपूर

आई, तुले माझा आणि तुझ्या सुनेचा जयभीम.

तू पाठवलेले डिंकाचे लाडू पोचले. पण शेवंताले दिवस गेले नाहीत. पाळी चुकली, छातीतून दूध आलं, म्हणून मीच घाईनं तुले कळवलं.

नेपियर टाउनच्या डॉक्टरनं तिचं रक्त तपासलं. तिले कोणी नसताना ऐकू येणारे आवाज बंद करणारी गोळी डोक्यातलं डोपामिन नावाचं रसायन दाबते. दुधाच्या हार्मोनले डोपामिनच आवरून धरते. ते दबलं म्हणून रक्तात हार्मोन वाढलं. "लगाम ढीली हुई है भैया, बच्चा नहीं है," म्हणाले. गोळी बदलून दिली, पण आपल्या मनानं बंद करायची नाही म्हणाले.

आता आवाज येत नाहीत, स्वयंपाकही करून राहिली. रिपोर्ट ऐकून थोडी रडली, एवढंच. तुझे गुडघे कसे आहेत?

लाडू परत पाठवू का, तिले विचारलं तर डबा मांडीवर घेऊन बसली. म्हणे, "तुमच्या आईनं मले पहिल्यांदाच काही पाठवलं."

आई, पुढच्या खेपेले नातवासाठी नाही, तिच्यासाठी पाठवजो.

तुझा,
पुंडलिक